नुसतं बघलालाव

मुरुडचे आहोत म्हटलं की पुण्या-मुंबईकडचा माणूस खुलतो. "वा, जंजिरा!" नाही हो, ते रायगडातलं. "मग दापोलीजवळचं, महर्षी कर्व्यांचं?" तेही नव्हे. आमचं मुरुड लातूर-बार्शी रस्त्यावरचं. इथं समुद्र नाही, खाडी नाही, पाण्यातला किल्ला तर नाहीच. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे निघाली, ती आमच्याच रुळांवरून गेली. पाणी बघायला गर्दी झाल्याचं आमच्या भागातलं तेवढंच ताजं उदाहरण.

अशा गावातल्या काही मंडळींनी अधूनमधून एकत्र निघून जुनी देवळं, लेणी, किल्ले आणि सापडलंच तर एखादं चित्रप्रदर्शन बघायचं ठरवलं. कल्पना ड्रॉइंगच्या सरांची. सरांची उभी हयात पोरांना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसवण्यात गेली. रिटायर झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की हजारो पोरांकडून आपण 'स्मरणचित्र' काढून घेतलं, पण त्यातल्या एकालाही शेजारच्या तालुक्यातलं देऊळ दाखवलं नाही, मग ते त्याला स्मरणार कुठून? त्यांच्याबरोबर बँकेतून निवृत्त झालेले साहेब आले, कारण वर्गणीचा हिशेब ठेवायला कुणीतरी लागतंच. मिस्त्री आले, कारण त्या आठवड्यात सिमेंट आलं नव्हतं. अक्का आल्या, कारण जीपमध्ये एक जागा रिकामी होती आणि अक्कांना रिकामी जागा बघवत नाही. आमच्या वहिनी अक्कांना सोबत म्हणून आल्या. मी कशासाठी गेलो हे मला अजून कुणी विचारलेलं नाही.

लातूरच्या माणसाला घोळक्यानं बाहेर पडणं नवं नाही. मार्गशीर्षातल्या अमावास्येला, म्हणजे येळवशीला, शहरातली दुकानं बंद होतात, रस्ते ओस पडतात आणि ज्याला शेत आहे तो आपल्या आणि ज्याला नाही तो दुसऱ्याच्या शेतात जाऊन भज्जी-आंबील हाणतो. कडब्याची कोप, तिच्यात पाच पांडव, वर निळं आभाळ. आमची सामुदायिक सहल ती. पण तिथं देव आहे आणि जेवण आहे. देव आणि जेवण दोन्ही नसताना माणसं गाडी करून निघाली, तर गावाला शंका येते.

"कुठं चाललाव?"

"तेरला."

"गोरोबाकाकाला?"

"नाही, म्युझियम बघायला."

"बरं बरं. काकाचं दर्शन घ्या मग."

म्हणजे म्युझियम हे आमच्या वयाला शोभणारं निमित्त असून खरं कारण दर्शनच असणार, असं समोरच्यानं ठरवून टाकलेलं असतं. अक्का तर गाडीत बसतानाच नारळ घेऊन बसतात. त्या लेणी बघायलाही नारळ नेतात. फोडायला देव सापडला नाही, तर परत आणून चटणी करतात.

तेर मात्र सगळ्यांचं समाधान करणारं गाव. तेरणेच्या काठी गोरोबाकाकांची समाधी आहे, त्यामुळं अक्का खूश. वस्तुसंग्रहालय आहे, त्यामुळं सर खूश. आणि तेर म्हणजे प्राचीन तगर. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कुण्या अनाम ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्यानं लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये त्याचं नाव येतं. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं मोठं शहर आहे, तिथून नाना तऱ्हेचं कापड भडोच बंदराकडं जातं, आणि ते गाड्यांत घालून धड रस्ते नसलेल्या मोठ्या मुलखातून न्यावं लागतं, अशा अर्थाचं तो लिहून गेलाय. सरांनी हे चालत्या क्रुझरमध्ये भक्तिभावानं सांगितलं. ड्रायव्हरनं एक खड्डा चुकवला, दुसऱ्यात चाक घातलं आणि म्हणाला, "म्हणजे तवापासून असंच हाय का?" इतिहासाची सलगता इतक्या नेमकेपणानं कुठल्याही क्रमिक पुस्तकात मांडलेली मला आढळली नाही.

तेरचं त्रिविक्रमाचं देऊळ लांबून बघितलं तर साधंच वाटतं. पुढं सपाट छताचा मंडप. चमत्कार मागच्या बाजूला आहे. मागची भिंत चौकोनी नाही, गोल वळलेली आहे, आणि वरचं छप्पर कमानीसारखं फुगून त्या गोलाईवर उतरतं. विटांचं काम. हे मुळात बौद्ध चैत्यगृह. पुढं केव्हातरी त्यात पाय उचललेला त्रिविक्रम आला आणि ते विष्णूचं देऊळ झालं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हेन्री कझेन्स या पुरातत्त्वाच्या अधिकाऱ्यानं त्यावर लिहिलं आणि जाणकारांचे डोळे तेरकडं वळले. आकाराला शास्त्रात 'गजपृष्ठाकार' म्हणतात, असं सरांनी सांगितलं. अक्कांनी मागं फिरून बघितलं आणि मान डोलावली. "बसलेला हत्ती हाय. उठंल आता." मिस्त्री मात्र तोपर्यंत भिंतीला जवळजवळ नाक लावून उभे होते. त्यांना आतल्या देवाचं काही नव्हतं, बाहेरच्या बुद्धाचंही नव्हतं. एवढी गोलाई साच्याशिवाय कशी उतरवली असेल, ह्यावर ते अडले होते. तेरच्या जुन्या विटा इतक्या हलक्या की पाण्यावर तरंगतात, हे सरांनी सांगितल्यावर त्यांची झोपच उडाली. मातीत भाताचं तूस मिसळलं की भाजताना ते जळून जातं आणि वीट आतून पोकळ-पोकळ राहते, हे कळेपर्यंत त्यांनी कुणाला पुढं हलू दिलं नाही. मग म्हणाले, "वरचं वजन कमी केलंय त्यानं. हुशार होता." हा 'तो' कोण, हे इतिहासाला माहीत नाही. मिस्त्रींनी मात्र त्याच्याशी एकेरीत ओळख करून घेतली.

संग्रहालयाची गोष्ट मला देवळापेक्षाही आवडते. गावातल्याच रामलिंगप्पा लामतुरे यांना जमिनीतून वर येणाऱ्या जुन्या वस्तू जमवायचा नाद. पाऊस पडला की तेरच्या पांढरीच्या टेकाडांवरची माती वाहून जाते आणि मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, भाजल्या मातीच्या बाहुल्या, नाणी उघडी पडतात. लोक पाऊस पडला की पेरणीला पळतात, लामतुऱ्यांचं लक्ष टेकाडाकडं. त्यांनी वर्षानुवर्षं वेचलेल्या खजिन्यावर आजचं सरकारी वस्तुसंग्रहालय उभं आहे आणि त्याला नावही त्यांचंच आहे. त्यांचा हा उद्योग सुरू असताना शेजारपाजारचे काय म्हणाले असतील, ते मला न सांगता कळतं. "काय बघलालाव टेकाडावर?" असंच म्हणाले असणार.

ह्या संग्रहातली नामांकित वस्तू म्हणजे हस्तिदंती बाहुली. इटलीत पॉम्पेईच्या राखेत १९३८ साली एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. ज्वालामुखीनं ते शहर इसवी सन ७९ मध्ये गाडलं, म्हणजे मूर्ती त्याआधीच तिकडं पोचलेली. तिच्यात आणि तेरच्या बाहुलीत जाणकारांना बहिणीबहिणींसारखं साम्य दिसतं. सर हे सांगताना गहिवरले. व्यापार, रोम, सातवाहन असं बरंच काही त्यांच्या बोलण्यात येऊन गेलं. वहिनी शांतपणे ऐकत होत्या. सर थांबल्यावर म्हणाल्या, "एवढे दागिने घालून हिला उन्हाळ्यात खाजत नसंल का?" सरांचा चेहरा पडला. पण मला विचाराल तर त्या दालनात बाहुलीला बाई समजून बघणारं माणूस त्या एकच होत्या. आम्ही बाकीचे पुरावा बघत होतो.

अशा सहलींत हेच होतं आणि ते मला फार आवडतं. एकटा माणूस फलक वाचतो, फोटो काढतो आणि निघतो. घोळक्यात प्रत्येक जण आपापला धंदा घेऊन येतो. बँकेचे साहेब किल्ल्यात शिरले की आधी कोठार कुठं ते विचारतात. औशाच्या किल्ल्यात आम्ही सगळे दुहेरी तटबंदीवर आणि तोफांवर खिळलेलो असताना त्यांना खजिन्याच्या चाव्या कुणाकडं असतील ह्याची चिंता. अक्कांना कुठंही गेलं तरी पाणी दिसतं: विहीर कुठं आहे, उतार कुठल्या बाजूला आहे, पावसाचं पाणी कुठं मुरतं. नळदुर्गला इब्राहिम आदिलशहाच्या काळात बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधला. पावसाळ्यात नर आणि मादी हे दोन धबधबे महालाच्या अंगावरून कोसळतात आणि आत बसलेला माणूस कोरडा राहतो. लोक तिथं सेल्फी काढत होते. अक्का बांधाकडं बघून म्हणाल्या, "आपल्या शिवारातला बंधारा दोन पावसाळ्यांत फुटला. ह्यो चारशे वर्षं उभा." आणि मग बांधणाऱ्या कंत्राटदाराचं घराणं त्यांनी जे काढलं, ते इथं छापता येणार नाही.

निलंग्याच्या नीळकंठेश्वराला मिस्त्री एरवीपेक्षा गप्प होते. तीन गाभाऱ्यांचं चालुक्यकालीन देऊळ. ह्या काळातल्या देवळांच्या भिंतींवर देवांपेक्षा सुरसुंदऱ्यांचीच वर्दळ जास्त: कुणी आरशात बघतेय, कुणी पायातला काटा काढतेय. मूर्तिशास्त्रात ज्यांचं नाव आदरानं घेतात ते डॉ. गो. बं. देगलूरकर याच मराठवाड्यातल्या देगलूरकर घराण्यातले. सरांच्या पिशवीत त्यांचं पुस्तक कायम असतं. सर पुस्तक उघडून एकेक मूर्ती सांगत होते, वहिनी कंबरपट्ट्याचे नमुने मोबाइलमध्ये घेत होत्या, आणि मिस्त्री भिंतीच्या कोपऱ्याशी उकिडवे बसून दोन दगडांमधल्या फटीत नख घालून बघत होते. नख जात नव्हतं.

"काय शोधताय?"

"माती," ते म्हणाले. "माती नाही हिच्यात."

आमच्या जिल्ह्यात ह्या दोन शब्दांचा अर्थ वेगळा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात घरंच्या घरं बसली, ती दगड-मातीची. दोन-दोन हात जाडीच्या भिंती, पण बाहेरचा थर वेगळा, आतला वेगळा, मध्ये गोटे आणि माती. दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार दगडच नाही. डोक्यावर धाब्याची टनावारी माती. सुमारे दहा हजार माणसं झोपेत गेली. मिस्त्री तेव्हा पोरसवदा होते आणि नंतरची कित्येक वर्षं त्यांनी पुनर्वसनाच्या घरांवर काम केलं. नवं बांधताना आणि राहिलेलं सावरताना भिंतीत आरपार दगड घाला, असं तेव्हा इंजिनिअर मंडळी घसा कोरडा करून सांगायची. मिस्त्री जुन्या भिंतीला हात लावतात तेव्हा ते आठशे वर्षांपूर्वीच्या गवंड्याला एकच गोष्ट विचारत असतात. सुरसुंदरीकडं बघायला त्यांना नंतर वेळ मिळाला. बघून म्हणाले, "चांगली हाय. पण ही नसती तरी भिंत उभी राहिली असती."

खरोश्याच्या लेण्यांचं उलट. तिथला डोंगर जांभ्या दगडाचा, कोरायला सोपा आणि टिकायला अवघड. सहाव्या शतकाच्या सुमारास कोरायला सुरुवात झालेली ही शैव-वैष्णव लेणी आहेत. जेम्स बर्जेसनं १८७८ च्या आपल्या अहवालात त्यांची नोंद घेतली. कैलास हलवणारा रावण अजून ओळखू येतो, पण कित्येक आकृत्या पावसा-वाऱ्यानं इतक्या झिजल्यात की हा नरसिंह की वराह, यावर आमच्यात मतदान झालं. नरसिंह एका मतानं आला.

लातूरच्या गोलाईचा अनुभव मात्र सगळ्यांत मजेचा. गंजगोलाई म्हणजे लातूरचं हृदय. १९१७ सालची गोल दुमजली वास्तू, मध्ये अंबाबाईचं देऊळ आणि चोहीकडून येऊन मिळणारे १६ रस्ते. निजामाच्या राजवटीत फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकारानं हा आराखडा आखला. एका बाजूला सोनं, एका बाजूला चपला, कुठं मिरची, कुठं गूळ. आम्ही लहानपणापासून तिथं जातोय, पण बाजाराला. इमारत म्हणून तिच्याकडं बघायचं असं सरांनी ठरवलं आणि आम्ही रस्त्याच्या मधोमध उभे राहून माना वर करून बघायला लागलो. चपलांच्या दुकानातून आवाज आला, "या साहेब, काय पाहिजे?"

"काही नाही, नुसतं बघलालाव."

दुकानदार बाहेर आला. त्यानंही वर बघितलं. मग शेजारचा आला. थोड्या वेळानं पंधरा-वीस माणसं वर बघत होती आणि वर कबुतरांशिवाय काही नाही असं एकानं जाहीर केलं. "हितं धंदा करून बाप म्हातारा झाला," चपलावाला म्हणाला, "पण वर खिडक्या अशा हायत हे आज बघितलं." तेवढ्यात १६ रस्त्यांनी आपलं काम केलं. अक्का मिरचीच्या रस्त्याला लागल्या, वहिनी बांगड्यांच्या, साहेब आपलं जुनं बँक खातं बघून येतो म्हणून तिसऱ्या. गोल वास्तूत हरवलेली माणसं शोधण्यात एक अडचण असते: ज्यांना आपण शोधतोय तीही आपल्याला शोधत त्याच दिशेनं फिरत असतात. शेवटी सर जागेवर उभे राहिले आणि सगळे आपोआप त्यांच्यापाशी येऊन पोचले, हातात पिशव्या.

आता प्रदर्शनाचं सांगतो. लातुरात एका सभागृहात चित्रप्रदर्शन भरलं होतं. सरांनी आम्हाला नेलं. दाराशी चपला काढाव्यात की काय, इथूनच घोळ. आत थंडगार, पांढऱ्या भिंती, कुणी बोलत नव्हतं. आणि आमची जी मंडळी आठशे वर्षांच्या सुरसुंदरीच्या कंबरेबद्दल मोकळेपणानं मत देतात, आदिलशहाच्या बांधाला शाबासकी देतात, ती सगळी तिथं शाळा तपासायला साहेब आल्यासारखी हात मागं बांधून भिंतीकडेनं चालायला लागली. अक्कांनी पदर डोक्यावर घेतला. साहेब चित्रांपेक्षा चित्राखालच्या किमती मनातल्या मनात बेरजेला लावत होते. वहिनींनी माझ्या कानात विचारलं, "हे सरळच लावलंय ना?"

मला त्यात गंमत वाटली आणि जरा वाईटही. पडकं देऊळ आपल्या बापाचं असल्यासारखे आपण वागतो. शेंदूर फासतो, नाव कोरतो, वर पत्र्याचं शेड टाकतो. आणि आपल्याच गावात राहणाऱ्या, आपल्याच भाकरीवर वाढलेल्या माणसानं काढलेल्या चित्रापुढं परक्याच्या घरी आल्यासारखे बसतो. थोडी अदब तिकडं हवी होती, थोडा आगाऊपणा इकडं. गोरोबाकाकांनी संतमंडळींच्या डोक्यावर थापटणं मारून कुठलं मडकं कच्चं नि कुठलं पक्कं ते सांगितलं, अशी कथा आहे, आणि त्यात खुद्द नामदेव कच्चे निघाले. तसं एखादं थापटणं प्रदर्शनाच्या दाराशी ठेवलं तर आमची मंडळी हौसेनं चित्रं वाजवून बघतील.

ते काम मिस्त्रींनी केलं. एका मोठ्या अमूर्त चित्रापुढं, सगळा तांबूस-करडा रंग, त्यात खरवडलेल्या रेषा, ते बराच वेळ उभे होते. मग त्यांनी कोपऱ्यात बसलेल्या तरुण चित्रकाराला मोठ्या आवाजात विचारलं, "हे खालचं वाळल्यावर वरचं मारलं, का ओल्यावरच?"

आम्ही शरमलो. सरांनी खोकून बघितलं. पण तो पोरगा खुर्चीवरून उडालाच. आल्यापासून त्याला सगळ्यांनी 'ह्यातून तुम्हाला काय सांगायचंय' एवढंच विचारलं असावं. तो मिस्त्रींना चित्राच्या बाजूला घेऊन गेला, कडेनं थर दाखवले: खाली वाळू मिसळलेला जाड लेप, त्यावर रंग, तो अर्धा वाळला की सुरीनं खरवडायचं, मग पुन्हा पातळ रंग. "म्हणजे गिलावाच की," मिस्त्री म्हणाले. "पण हितं तडा जाईल तुझ्या. वाळू चाळून घेत नाहीस काय?" पोरगा म्हणाला, तडा जावा असंच वाटतं, आमचं जुनं घर तसंच होतं. कुठलं गाव, वगैरे निघालं. गाव किल्लारीच्या पट्ट्यातलं. मग दोघं तिथंच भिंतीला टेकून खाली बसले आणि बोलत राहिले. त्यात आम्हाला बोलावणं नव्हतं. एवढ्यात बाकीच्यांनाही कंठ फुटला. अक्कांनी एका निसर्गचित्रातलं ज्वारीचं कणीस खोटं ठरवलं ("एवढं भरलं तर ताट वाकत नाही व्हय?"), आणि काढणाऱ्यानं ते निमूट मान्य केलं. साहेबांनी सर्वांत महाग चित्र हप्त्यानं मिळेल का, अशी चौकशी केली. व्याज लावणार नाही म्हटल्यावर त्यांचा चित्रकलेवरचा विश्वासच उडाला.

निघताना अभिप्रायाची वही पुढं आली. ह्या वहीत महाराष्ट्रभर एकच लेखक लिहीत असतो. 'अप्रतिम', 'खूप छान', 'पुढील वाटचालीस शुभेच्छा'. वहिनींनी 'छान' लिहिलं. मी प्राध्यापकी अक्षरात चार ओळी लिहिल्या, त्यात 'आशय' दोनदा आला. मिस्त्रींनी पेन हातात घेतलं, बराच विचार केला आणि लिहिलं, 'वाळू चाळून घ्यावी', खाली सही आणि मोबाइल नंबर.

सहलीचा खर्च साहेब ज्या वहीत लिहितात तिच्यात देवदर्शन, डिझेल, चहा-फराळ आणि किरकोळ असे चार रकाने आहेत. तेरचं तिकीट देवदर्शनात गेलं, औसा आणि नळदुर्गही गेले, कारण कुठं ना कुठं अक्कांचा नारळ फुटला होताच. चित्रप्रदर्शनाला तिकीट नव्हतं, पण अक्कांनी निघताना त्या पोराच्या हातावर पन्नासाची नोट ठेवली होती, ती कुठं मांडायची यावर चर्चा झाली. पोरगा नको-नको म्हणत होता, अक्का म्हणाल्या, येळवशीला आलेल्या पाहुण्याला आम्ही रिकामं पाठवत नाही. साहेबांनी आधी 'किरकोळ' लिहिलं, मग खोडून 'देवदर्शन'. सरांनी वही ओढून घेतली आणि पाचवा रकाना आखला. नाव काय द्यायचं ते अजून ठरलेलं नाही, रकाना रिकामाच आहे.

आता कंधारचं चाललंय. राष्ट्रकूटांच्या काळातला भुईकोट, शेजारी जगत्तुंगसागर तलाव आणि क्षेत्रपालाच्या एका अवाढव्य मूर्तीचे अवशेष. मूर्ती पूर्ण नाही, तुकडेच उरलेत, हे ऐकल्यावर अक्का नाराज. तुकडे बघायला एवढं लांब जायचं? नारळ कशाला फोडायचा, गुडघ्याला? मिस्त्री म्हणतात, पायाचं एक बोट जरी मापाला मिळालं तरी उंची काढून देतो, आणि टेप त्यांनी आत्ताच क्रुझरच्या डॅशबोर्डात नेऊन ठेवलाय. ड्रायव्हरचं म्हणणं, रस्ता कसा आहे ते आधी सांगा, मग भाडं सांगतो.